विश्लेषण इतरांना पुन्हा करून पाहता यावे यासाठी डेटा आणि कोड कसा द्यावा

आपला प्रश्न मला समजला तो असा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीचा डेटा वापरून महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांच्या खुजेपणावर (वयाच्या मानाने उंची कमी असण्यावर) आपण शोधनिबंध लिहिला आहे. त्याला जोड म्हणून दोन तालुक्यांत स्वतः केलेल्या घरोघरच्या पाहणीचे आकडे आहेत, आणि नियतकालिकाच्या समीक्षकांनी डेटा व कोड (विश्लेषणासाठी संगणकाला दिलेल्या लेखी आज्ञा) उपलब्ध करून देण्याची अट घातली आहे. सर्वेक्षणाचा डेटा आपल्याला कुठे चढवता येईल का, स्वतःच्या पाहणीचा द्यावा का, आणि ‘मागणी केल्यास डेटा दिला जाईल’ एवढे वाक्य लिहून भागेल का, असे आपण विचारले आहे. आरोग्यविषयक सर्वेक्षणांचे विश्लेषण आणि इतरांच्या निबंधांतील गणिते पुन्हा करून पाहणे हे माझे नेहमीचे काम असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देतो: नाही, भागणार नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांनी आपल्या निबंधात डेटा देण्याची तयारी लेखी नोंदवली होती अशा १,७९२ निबंधांच्या लेखकांना प्रत्यक्ष पत्र पाठवून डेटा मागितला गेला. त्यांपैकी सुमारे ९३ टक्के लेखकांनी उत्तरच दिले नाही किंवा नकार दिला. डेटा मिळाला तो ७ टक्क्यांहून कमी जणांकडून. यात सर्वांचीच नियत वाईट होती असे मी मानत नाही. संशोधक संस्था बदलतात, ईमेलचा पत्ता बंद पडतो, पीएच.डी.चा विद्यार्थी नोकरीला लागतो आणि त्याचा लॅपटॉप घरातल्या लहान भावंडाकडे जातो. तीन वर्षांनी मागणी आली की फाइल सापडत नाही, आणि सापडली तरी तिच्यातील ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘अंतिम सुधारित’ यांपैकी निबंधासाठी कोणती वापरली हे कोणालाच सांगता येत नाही. मागणीवर अवलंबून असलेली उपलब्धता ही व्यवहारात अनुपलब्धता ठरते, हे आता समीक्षकांनाही कळून चुकले आहे.

उरलेल्या दोन प्रश्नांकडे वळण्यापूर्वी, इतरांना नेमके काय द्यायचे असते याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. कारण बहुतेक जण ‘डेटा द्या’ म्हटल्यावर एक एक्सेल फाइल जोडतात आणि काम झाले असे समजतात.

कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा २०१० सालचा निबंध आपण ऐकून असाल. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातील वीस प्रगत देशांचे आकडे पाहून त्यांनी असे मांडले की सार्वजनिक कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की आर्थिक वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्क्यावर येतो. जागतिक आर्थिक संकटानंतरच्या त्या वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात सरकारी खर्च कमी करण्याच्या बाजूने हा निष्कर्ष वारंवार पुढे केला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील विभागात थॉमस हर्नडन हा विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हेच गणित पुन्हा करू पाहत होता. मूळ आकडे सार्वजनिक होते, कोणालाही उतरवून घेता येत होते. तरीही त्याचे उत्तर निबंधातील उत्तराशी काही केल्या जुळेना. शेवटी त्याने मूळ लेखकांकडे विचारणा केली, त्यांनी आपली कामाची एक्सेल फाइल पाठवली, आणि ती उघडल्यावर कारणे दिसली. मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन या प्राध्यापकांसह त्याने ती एप्रिल २०१३ मध्ये प्रसिद्ध केली.

वर्तमानपत्रांनी उचलून धरली ती एक्सेलमधील चूक. सरासरीचे सूत्र ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ या ओळींवरच लावले गेले होते, त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश गणनेतून गळाले. पण या चुकीचा एकटीचा परिणाम होता सुमारे ०.३ टक्के बिंदूंचा. दुरुस्त सरासरी २.२ टक्के आली, म्हणजे एकूण फरक दोन टक्के बिंदूंहून अधिक होता, आणि त्याचा मोठा भाग आला तो निवडींमधून. न्यूझीलंडची १९४६ ते १९४९ ही चार वर्षे गणनेत घेतलेली नव्हती, त्यामुळे जास्त कर्जाच्या गटात त्या देशाचे १९५१ हे एकच वर्ष उरले, ज्यात वाढ उणे ७.६ टक्के होती. ती चार वर्षे धरली असती तर त्याच देशाची सरासरी अधिक २.६ टक्के आली असती. त्यातच प्रत्येक देशाच्या सरासरीला समान भार दिलेला असल्यामुळे न्यूझीलंडच्या त्या एका वर्षाचे वजन ब्रिटनच्या एकोणीस वर्षांइतके झाले. राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी एक्सेलची चूक मान्य केली, भारांक आणि वगळण्याबाबतची टीका मात्र मान्य केली नाही; आणि समान भार देणे योग्य की अयोग्य यावर दोन्ही बाजूंनी खरोखरच युक्तिवाद करता येतो.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातील महत्त्वाची गोष्ट अशी की डेटा उघड असूनही निष्कर्ष तपासता येत नव्हता. कोणती वर्षे घेतली, कोणती सोडली, कोणाला किती भार दिला, हे निर्णय डेटात नसतात. ते डेटा आणि निष्कर्ष यांच्या मधल्या जागेत असतात, आणि ती जागा निबंधातील ‘पद्धती’च्या दोन परिच्छेदांत मावत नाही. आपल्याला इतरांच्या हाती द्यायची आहे ती ही मधली जागा. कोड देण्याचा आग्रह त्यासाठीच आहे, कारण कोड हा त्या निर्णयांचा एकमेव पूर्ण लेख असतो. मूळ लेखकांनी ती फाइल पाठवली हेही त्यांच्या श्रेयाचे म्हटले पाहिजे. पाठवली नसती तर वाद आजही अंदाजांवर चालला असता.

आता हेच आपल्या विषयाला लावून पाहू. पाचव्या फेरीच्या अहवालात महाराष्ट्रातील खुज्या बालकांचे प्रमाण ३५.२ टक्के दिले आहे, चौथ्या फेरीत ते ३४.४ टक्के होते. मूळ फाइल घेऊन हा आकडा काढायला बसणाऱ्या नवख्या संशोधकाचे उत्तर पहिल्या खेपेला बहुधा चुकते, आणि ते चुकण्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले कारण म्हणजे फाइलची निवड. मुलांची म्हणून जी फाइल मिळते तिच्यात फक्त मुलाखत झालेल्या मातांची मुले असतात. अहवालातील आकडा मात्र कुटुंबातील सर्व सदस्यांच्या फाइलवरून, आदल्या रात्री त्या घरी झोपलेल्या मुलांवर काढलेला असतो. ज्या मुलांची आई वारली आहे, कामासाठी परगावी आहे किंवा मुलाखतीला उपलब्ध नव्हती, ती पहिल्या फाइलमध्ये येतच नाहीत, आणि खुजेपणाच्या अभ्यासात नेमकी हीच मुले नजरेआड होणे परवडणारे नसते. दुसरे कारण म्हणजे विशेष संकेतांक. वयानुसार उंचीचा झेड-गुणांक, म्हणजे मुलाची उंची त्या वयाच्या प्रमाणित उंचीपासून किती दूर आहे याचे माप, शंभराने गुणून साठवलेला असतो; तो उणे दोनच्या खाली असेल तर मूल खुजे धरतात, म्हणजे उणे दोन ही रेषा उणे २०० म्हणून दिसते, आणि मोजमाप अशक्य कोटीतले असेल तर त्या जागी ९९९६ किंवा ९९९८ सारखे अंक असतात. ते न काढता प्रमाण काढले तर ही मुले गुपचूप ‘खुजी नाहीत’ या गटात जाऊन बसतात. सरासरी काढली तर ती हास्यास्पद येते, पण निदान चूक लक्षात तरी येते. तिसरे कारण भारांकांचे, म्हणजे नमुन्यातील प्रत्येक व्यक्तीला गणनेत किती वजन द्यायचे ते सांगणाऱ्या अंकांचे: ते दहा लाखांनी गुणून ठेवलेले असतात, देशासाठीचे आणि राज्यासाठीचे भारांक वेगळे असतात, आणि कौटुंबिक हिंसेच्या प्रश्नांसाठी घरातील एकाच स्त्रीची निवड होत असल्याने त्यांचा भारांक आणखी वेगळा असतो.

जिल्हानिहाय तुलनेत तर याहून मोठा खड्डा आहे. चौथ्या फेरीत २०११ च्या जनगणनेतील ६४० जिल्हे धरले होते, पाचव्या फेरीत ७०७. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे चौथ्या फेरीतील ‘ठाणे’ या नावाखाली जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे आदिवासी तालुकेही आहेत, तर पाचव्या फेरीतील ‘ठाणे’ त्यांच्याविना आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘ठाण्यात खुजेपणा कमी झाला’ असे लिहिले तर त्यात किती भाग मुलांच्या वाढीचा आणि किती भाग नकाशावरच्या रेषेचा, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. आपण पाचव्या फेरीतील ठाणे आणि पालघर एकत्र केले असतील तर ते कोडमध्ये एका ओळीत दिसेल. केले नसतील तर तेही दिसेल. शिवाय जिल्ह्यांची नावे बदलत असतात. उस्मानाबादचे धाराशिव झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नावांवरून दोन तक्ते जोडणारा कोड अशा वेळी तक्रार न करता एक जिल्हा गाळून पुढे जातो. म्हणून जोडणी नेहमी संकेतांकावरून करावी, आणि जोडल्यानंतर किती ओळी जुळल्या, किती उरल्या, हे छापणारी ओळ कोडमध्ये ठेवावी.

या पार्श्वभूमीवर आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मूळ फाइल आपण स्वतः कुठेही चढवू नये. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण करते, आणि त्याचा डेटा संशोधकांना नोंदणी करून, कामाचा उद्देश सांगून विनामूल्य मिळतो. पण मिळालेला डेटा तिसऱ्याला परस्पर देऊ नये ही अट नोंदणी करताना आपण स्वीकारलेली असते. समीक्षकांनाही हे मान्य असते, मात्र ते स्पष्ट लिहावे लागते. डेटा कुठून आणि कसा मिळवायचा, कोणत्या फेरीची कोणती फाइल घ्यायची, तिची आवृत्ती कोणती आणि आपण ती कोणत्या तारखेला उतरवली, हे सर्व नोंदवा. फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची खूण, सोबत द्या, कारण संस्था कधीकधी दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध करते आणि वाचकाच्या हाती आलेली फाइल तीच आहे का हे त्याला एका आज्ञेत पडताळता येते. मग आपला कोड त्या अस्पर्श मूळ फाइलपासून सुरू झाला पाहिजे. ‘स्वच्छ केलेल्या’ फाइलपासून सुरू होणारा कोड अर्धाच कोड असतो, कारण राइनहार्ट-रोगॉफ प्रकरणात वादाचे होते ते सगळे स्वच्छ करतानाच घडलेले होते.

येथे थोडे विषयांतर करतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा डेटा आपण पुढे कधी वापरलात तर अनेक फेऱ्यांच्या सूचनांत असे आढळेल की दोन विशिष्ट रकान्यांतील संख्या समान असतील तर गुणकाला (म्हणजे तेथील भारांकाला) १०० ने भागावे, नसतील तर २०० ने. नवखे लोक हे टंकनदोष समजून सोडून देतात आणि राज्याची लोकसंख्या दुपटीच्या आसपास काढतात. या दोनशेमागे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांची कल्पना आहे: एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र उपनमुने घ्यायचे, प्रत्येकावरून संपूर्ण क्षेत्राचा अंदाज वेगळा काढायचा, आणि दोघांतील तफावत हीच पाहणीच्या दर्जाची कसोटी मानायची. दोन्ही उपनमुने एकत्र वापरले की प्रत्येकाचा भार निम्मा करावा लागतो, म्हणून १०० चे २०० होतात. दुसऱ्याने काढलेले उत्तर जुळते का हे पाहण्याची तजवीज सर्वेक्षणाच्या आराखड्यातच करून ठेवण्याची ही पद्धत बंगालमधील तागाच्या पाहणीच्या काळापासूनची आहे, आणि आज आपण कोडबद्दल जो आग्रह धरतो तो आपल्याकडे परका नाही हे लक्षात यावे म्हणून सांगितले.

कोड कसा द्यावा याविषयी एक आकडा बोलका आहे. हार्वर्ड डेटाव्हर्स या भांडारात संशोधकांनी आपणहून ठेवलेल्या ‘आर’ या सांख्यिकी विश्लेषणाच्या संगणकभाषेतील नऊ हजारांहून अधिक फाइली २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जशाच्या तशा चालवून पाहिल्या, तेव्हा ७४ टक्के फाइली त्रुटी दाखवून थांबल्या. काही नेहमीचे दोष यंत्राकरवी दुरुस्त केल्यावरही ५६ टक्के चालल्या नाहीत. ही मंडळी डेटा आणि कोड देणाऱ्यांपैकी होती, न देणाऱ्यांपैकी नव्हे. कारणे अगदी साधी असतात: लेखकाच्या संगणकावरील सी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता कोडमध्ये लिहिलेला असतो, एखादे पॅकेज (भाषेला जोडायचा तयार कोडसंच) कुठेही जाहीर न करता वापरलेले असते, किंवा आधी हाताने चालवलेली एखादी पायरी फाइलमध्ये नोंदवायची राहिलेली असते.

म्हणून एकच फोल्डर करा आणि त्यात मूळ डेटा, तयार झालेला डेटा, कोड आणि निष्पत्ती अशी वेगळी दालने ठेवा. मूळ डेटाचे दालन फक्त वाचण्यापुरते असू द्या. त्यातील फाइल एक्सेलमध्ये उघडून ‘सेव्ह’ करण्याची सवय घातक आहे. एक्सेल गावांच्या संकेतांकांतील सुरुवातीची शून्ये खाऊन टाकते, देवनागरी मजकूर असलेली सीएसव्ही फाइल थेट उघडली तर अक्षरांच्या जागी कचरा दाखवते, आणि तशीच जतन केली तर तो कचरा कायमचा होतो. जनुकशास्त्रज्ञांना याचा इतका त्रास झाला की ‘सप्टेंबर’ आणि ‘मार्च’ यांच्याशी साम्य असलेल्या जनुकांच्या नावांची एक्सेल तारीख करून टाकते म्हणून २०२० मध्ये अशा जनुकांची अधिकृत नावेच बदलावी लागली. फोल्डरमधील सर्व पत्ते त्या फोल्डरपासून सापेक्ष लिहा, कोडच्या फाइलींना क्रमांक द्या, आणि त्या सर्व ओळीने चालवणारी एक मुख्य फाइल ठेवा. निबंधातील प्रत्येक तक्ता आणि आकृती कोणत्या फाइलमधून येते याची यादी वाचा-मला (रीडमी) या माहितीच्या फाइलमध्ये द्या. मजकुरात ओघाने आलेले आकडेही त्यात धरा, कारण तक्ते जुळतात आणि सारांशातील एक टक्केवारी जुळत नाही, असे माझ्या पाहण्यात वारंवार येते. जमल्यास मजकूर आणि कोड एकत्र लिहू देणारी आर-मार्कडाउन किंवा क्वार्टो ही साधने वापरून आकडे मजकुरात थेट कोडमधूनच उतरवा, म्हणजे हाताने नक्कल करताना होणाऱ्या चुकांची जागाच राहत नाही.

कोड चालणे आणि तेच उत्तर येणे यांतही अंतर आहे. आपण बूटस्ट्रॅप (नमुन्यातूनच पुन्हापुन्हा नमुने काढण्याची पद्धत) किंवा गहाळ मूल्ये भरण्याची यादृच्छिक पद्धत वापरली असेल तर बीज, म्हणजे यादृच्छिक अंकांची सुरुवात ठरवणारी संख्या, नोंदवलेच पाहिजे, पण तेवढ्याने पुरत नाही: आर भाषेच्या २०१९ मधील ३.६.० या आवृत्तीत यादृच्छिक नमुना काढण्याची मूळ पद्धतच बदलली, त्यामुळे तेच बीज देऊनही आधीच्या आणि नंतरच्या आवृत्तीत वेगळा नमुना येतो. पुढच्या वर्षी ४.० मध्ये मजकुराचे रकाने आपोआप गटचल (ठरावीक गट दर्शवणारे चल) म्हणून वाचले जाणे बंद झाले आणि त्यावर विसंबलेला कितीतरी जुना कोड वेगळे वागू लागला. स्टाटा या सांख्यिकी प्रणालीमध्ये समान मूल्यांच्या ओळींचा क्रम दर वेळी क्रमवारी लावताना बदलू शकतो. ‘प्रत्येक घरातील पहिले मूल’ असे निवडले असेल तर दर वेळी वेगळे मूल येईल, जोपर्यंत क्रमवारीचा निकष प्रत्येक ओळीला वेगळा क्रम देत नाही. आर २.५ चे पूर्णांकन २ करते, एक्सेल ३ करते. नमुना निवडताना केलेल्या एखाद्या गटात, म्हणजे स्तरात, एकच नमुना एकक उरले तर काही प्रणाली काम थांबवतात आणि काही प्रणाली प्रमाण त्रुटीची (अंदाजातील अनिश्चिततेच्या मापाची) जागा रिकामी ठेवतात, आणि ते टाळण्यासाठी दिलेला पर्याय विश्वास-अंतरालाची, म्हणजे अंदाजाभोवतीच्या संभाव्य मर्यादांची, रुंदी बदलतो. म्हणून प्रणालीची आणि प्रत्येक पॅकेजची आवृत्ती नोंदवा. आर वापरत असाल तर आर-एन्व्ह हे पॅकेज ही नोंद आपोआप ठेवते. डॉकरसारखी साधने प्रणाली व पॅकेजेससह संपूर्ण परिसरच गोठवून देतात, पण आपल्या निबंधाच्या आवाक्यासाठी ती अट मी घालणार नाही.

सर्व झाल्यावर ते फोल्डर दुसऱ्या संगणकावर, आपल्या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला द्या आणि तो चालवत असताना शेजारी बसून काहीही सांगू नका. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे वाचा-मला फाइलमध्ये नसलेले एक वाक्य. ही पायरी बहुतेक जण कंटाळ्याने गाळतात. माझ्या मते बाकी सर्व तंत्रज्ञानापेक्षा हिचा उपयोग जास्त आहे.

आता आपल्या स्वतःच्या पाहणीविषयी. येथे मी जास्त सावध राहण्याचा सल्ला देईन. नाव आणि मोबाइल क्रमांक काढले की डेटा अनामिक झाला, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतील लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेच्या आधारे दाखवले होते की फक्त जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून तेथील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. आपल्या पाहणीत तर गावाचे नाव, जात किंवा जमात, मुलाचे वय महिन्यांत आणि जुळी मुले असल्याची नोंद आहे. सहाशे वस्तीच्या गावात कातकरी समाजाचे एकच घर असेल, तर त्या घरातील मूल कोण हे अंगणवाडी सेविकेला फाइल उघडताच कळेल. म्हणून गावाऐवजी तालुका द्या, जन्मतारखेऐवजी पूर्ण महिन्यांतील वय द्या, दुर्मिळ गट एकत्र करा, आणि मग वय, लिंग, सामाजिक गट, तालुका यांचे प्रत्येक संयोजन किती जणांत आढळते ते मोजा. पाचांपेक्षा कमी संख्येची संयोजने उरली तर आणखी ढोबळ करा. जीपीएसचे मूळ स्थान मुळीच देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही समूहांची (नमुन्यात निवडलेल्या गावांची किंवा वस्त्यांची) स्थाने मुद्दाम हलवून दिलेली असतात, शहरी भागात दोन किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण भागात पाच किलोमीटरपर्यंत, तर काही थोड्या ग्रामीण समूहांत दहापर्यंत.

याहून आधीचा प्रश्न संमतीचा आहे. आपल्या संमतिपत्रात ‘ही माहिती फक्त या अभ्यासासाठी वापरली जाईल’ असे वाक्य असेल, तर अनामिक केलेला डेटाही आपण आपल्या अधिकारात खुला करू नये. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीकडे जाऊन लेखी मत घ्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीच्या कामासाठी सवलत आहे, परंतु ती अटींसह आहे, आणि कायद्याने सवलत दिली म्हणून त्या आईला दिलेला शब्द रद्द होत नाही. समितीने परवानगी नाकारली तर तीन गोष्टी तरीही देता येतात: संपूर्ण कोड, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी संकेतसूची, आणि त्याच रकान्यांची, त्याच रचनेची पण कृत्रिम मूल्ये भरलेली फाइल. कृत्रिम फाइलवर आपले आकडे येणार नाहीत, पण कोड चालतो का आणि त्यातील निर्णय काय आहेत हे वाचकाला तपासता येईल. ज्यांना मूळ डेटाच हवा त्यांच्यासाठी समितीमार्फत अर्ज करण्याची वाट लिहून ठेवा, आणि ती एखाद्या व्यक्तीच्या ईमेलवर नव्हे तर संस्थेच्या कार्यालयाच्या पत्त्यावर असू द्या. पुढच्या पाहणीच्या संमतिपत्रात मात्र ओळख काढलेली माहिती इतर संशोधकांना दिली जाईल हे सोप्या मराठीत आधीच विचारून घ्या.

ठेवायचे कुठे, हा प्रश्न फार अवघड नाही. गिटहब हे संकेतस्थळ कोडवर काम करण्याचे ठिकाण आहे, जतन करण्याचे नव्हे. तेथील मजकूर उद्या बदलता किंवा पुसता येतो. जिनिव्हा येथील सर्न ही भौतिकशास्त्र संशोधन संस्था चालवत असलेले झेनोडो हे भांडार २०१३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि ठेवलेल्या प्रत्येक आवृत्तीला डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक देते. गिटहबवरील विशिष्ट आवृत्ती तेथे थेट पाठवता येते. परवाना लिहायला विसरू नका. परवाना नसलेला कोड सर्वांना दिसतो, पण कायदेशीरपणे कोणाला वापरता येत नाही. कोडला एमआयटी हा मुक्त वापराचा परवाना आणि आपल्या पाहणीच्या डेटाला क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय देण्याच्या अटीचा परवाना पुरेसा आहे.

कोड ओबडधोबड आहे म्हणून द्यायला संकोच वाटतो असे आपण लिहिले आहे. तो सर्वांचाच असतो, आणि तपासणाऱ्याला सौंदर्याशी कर्तव्य नसते. माझ्या अनुभवात संकोचाचे खरे कारण बहुधा वेगळे असते: कोणी चूक काढेल ही भीती. ती भीती अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही, पण चूक न सापडण्याची किंमत कोण मोजतो हेही पाहावे. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २००६ पासून असे निबंध प्रसिद्ध केले की जनुकांच्या क्रियाशीलतेवरून कोणत्या कर्करोगाला कोणते औषध लागू पडेल हे सांगता येते. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांना कोडविना, उपलब्ध तुकड्यांवरून, ते विश्लेषण कसे झाले असेल याची पुनर्रचना करावी लागली. जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली होती आणि काही ठिकाणी ‘औषधाला दाद देणारे’ व ‘दाद न देणारे’ ही लेबलेच उलटी लागली होती. त्यांचा निबंध २००९ मध्ये आला, तोवर या निष्कर्षांच्या आधारे रुग्णांवर चाचण्या सुरू झालेल्या होत्या. त्या २०१० मध्ये कायमच्या बंद झाल्या आणि मूळ निबंध मागे घेतले गेले. कोड पहिल्याच दिवशी उपलब्ध असता तर एका ओळीची सरक कोणीही अल्पावधीत दाखवली असती.

मात्र एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. आपला कोड दुसऱ्याच्या संगणकावर चालला आणि तोच आकडा आला, याचा अर्थ आकडा बरोबर आहे असा होत नाही. चुकीची फाइल निवडणारा कोड चुकीचे उत्तरही प्रामाणिकपणे पुन्हा देतो. म्हणून कोडच्या सुरुवातीलाच अहवालातील प्रसिद्ध आकडा, आपल्या बाबतीत राज्याचा ३५.२, आधी काढून दाखवा आणि मग आपल्या विश्लेषणाकडे वळा. तपासणाऱ्याचा विश्वास त्या एका ओळीने जितका बसतो तितका दहा पानी पुरवणीने बसत नाही.

समीक्षकांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा असा करता येईल: ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या व पाचव्या फेरीचा मूळ डेटा नोंदणी करून विनामूल्य मिळतो; वापराच्या अटींमुळे आम्ही तो येथे दिलेला नाही. वापरलेल्या फाइलींची नावे, आवृत्त्या, उतरवल्याच्या तारखा आणि चेकसम सोबतच्या वाचा-मला फाइलमध्ये आहेत. मूळ फाइलींपासून सर्व तक्ते व आकृत्या तयार करणारा कोड, स्थानिक पाहणीची ओळख काढलेली फाइल आणि तिची संकेतसूची झेनोडोवर पुढील डीओआय क्रमांकावर ठेवली आहे.’ समितीची परवानगी आली नाही तर शेवटच्या वाक्यातील ‘ओळख काढलेली फाइल’ याऐवजी ‘कृत्रिम फाइल’ असे लिहा आणि मूळ डेटासाठी अर्ज करण्याचा कार्यालयीन पत्ता जोडा. डीओआय क्रमांक झेनोडोवर आधी राखून ठेवता येतो, त्यामुळे निबंध स्वीकारला जाईपर्यंत फाइली खुल्या न करताही तो निवेदनात देता येईल.